आजोबांचा खंजीर

आज दिवसभर माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेला आजोबांचा खंजीर घेऊन बसलोय. आजोबा मराठा लाईट इन्फन्ट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले, एवढंच घरात माहीत होतं. मूठ म्हणजे चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून गच्च दाबलेल्या, आणि पात्याखालच्या आडव्या पट्टीवरचा गंज रॉकेलच्या बोळ्यानं हळूहळू पुसला तर खाली अक्षरं, यू.एस. एम ३! पावणेसात इंची पातं, एक बाजू पूर्ण धारेची, दुसरी अर्धवट. म्हणजे १९४३ मध्ये अमेरिकन सैन्यानं वापरात आणलेला ट्रेंच नाईफ, हातघाईच्या लढाईचा सुरा, आमच्या ट्रंकेत. अंगावर काटाच आला राव.

मित्र म्हणाला ग्राइंडर मार, चकाचक होईल. अजिबात नाही. काळसर थर जाऊ द्यायचा नाही, नुसतं तेल आणि एकदम बारीक स्टील वूल, म्हणजे पोलादी तारांचा लोकरीसारखा बोळा. मूठ वाळून चकत्यांत फटी पडलेल्या म्हणून कोल्हापूरच्या चप्पल लाईनला नेला, तिथल्या मामांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तेल लई पाजू नगंस, कातडं मऊ पडून सैल हुतंय." मग बोटानं थोडं थोडंच लावलं. आता कातडी म्यानात ठेवणार नाही, कातडं ओल धरतं आणि पातं गंजतं.

संध्याकाळी आईच्या हातात दिला. तिनं मूठ नाकाजवळ नेली, बराच वेळ काही बोललीच नाही.