शारजाचा पांढरा काठ अखेर सुटला

मंडळी, संयुक्त अरब अमिरातींच्या संघराज्यातल्या सातही अमिरातींचे झेंडे शिवतोय. मागच्या वेळी अबुधाबी, दुबई आणि अजमान हातावेगळे झाले होते आणि गाडी शारजापाशी अडली होती. काल रात्री इस्त्री करता करता कोडं सुटलं!

अडचण तीच, काठाची. ट्रूशल किनाऱ्याच्या, म्हणजे आजच्या अमिरातींच्या किनाऱ्याच्या, शेखांशी इंग्रजांनी 1820 मध्ये केलेल्या तहाचं तिसरं कलम लाल झेंड्याभोवती पांढरा काठ सांगतं आणि काठातल्या पांढऱ्याची रुंदी लालच्या रुंदीइतकी हवी म्हणतं. माझं कापड 60 × 90 सेंटिमीटर. प्रत्येक बाजूचा काठ लालइतका धरला, तर काठ 20 चा होतो आणि लाल उरतं जेमतेम 20 × 50. चादरीवर डाग पडावा तसं दिसतं ते. दोन्ही रंगांचं क्षेत्रफळ सारखं धरलं, तर काठ साधारण साडेदहा. तो मी शिवलाही, देखणा झाला. पण त्यासाठी वर्गमूळ काढावं लागतं, आणि गलबतावरचा शिवणारा वर्गमूळ काढत बसला असेल, हे तीन आठवडे काही केल्या पटेना.

काल कापडाची उंचीत एक घडी घातली, मग दुसरी. उलगडलं तर चार सारखे पट्टे. वरचा पांढरा, खालचा पांढरा, मधले दोन लाल. वरखालचा काठ मिळून 30, लालही 30. मोजपट्टीचं कामच नाही! तोच 15 चा काठ उभ्या बाजूंनाही फिरवला आणि लाल 30 × 60 बसलं.

सकाळी दोन्ही झेंडे गच्चीवर टांगले आणि समोरच्या इमारतीच्या जिन्यातून पाहिले. साडेदहाचा काठ लांबून लालात विरतो, 15 चा ठसठशीत राहतो. तहातला झेंडा समुद्रावर लांबून ओळखू यायलाच हवा होता, म्हणून माझं मत आता घडीवर पक्कं आहे. रास अल-खैमाचाही झेंडा हाच, दोन्हीकडे राज्य कासिमी घराण्याचं. एका घडीत दोन सुटले.

घरपोच मागवलेलं लाल पॉपलीन मात्र पहिल्याच पाण्यात सुटलं आणि एक अख्खा काठ गुलाबी झाला. आता कापड हाताने पाहूनच घेणार, तेही मंगळदास मार्केटातून. तहाआधीची ब्रिटिश सेनापती विल्यम केअर ग्रँटची मोहीम 1819 मध्ये मुंबईहूनच निघाली होती, तेव्हा कापडही मुंबईचंच शोभतं. शिवाय तीनदा धुऊन पाणी नितळ आल्याशिवाय कात्री लावायची नाही. सॅटिनच्या वाटेला जाऊ नका, त्यावर घडी बसत नाही.

पुढे उम्म अल-कुवैनची चंद्रकोर आणि चांदणी. फुजैरासाठी संघराज्याचाच झेंडा शिवणार होतो, 1975 पासून तिथे तोच आहे. पण हे लिहिताना तिसऱ्या कलमातलं ‘अक्षरांसह किंवा अक्षरांविना’ आठवलं. फुजैराच्या जुन्या लाल झेंड्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव होतं. तोच करतो! अक्षरं मागून उलटी दिसू नयेत म्हणून दोन पदर आणि मध्ये अस्तर लागेल. अरबी अक्षरांचं अप्लिक (कापडावर कापलेलं कापड शिवणं) कुणी केलं असेल, तर टाका कोणता घेतलात ते सांगा.

सोबतच्या अमिरातींच्या उंचसखल नकाशावर लिवाच्या वाळूच्या टेकड्या झाल्या, फेव्हिकॉलवर चाळलेली वाळू. शारजाचा मुलूख विखुरलेला, म्हणून त्याला मात्र झेंड्याच्या पाच टाचण्या लागणार: शहर, हजर डोंगरापलीकडचे दिब्बा अल-हिस्न, खोर फक्कान, कल्बा, आणि ओमानच्या मदहाच्या पोटातलं नहवा. टाचणीवरचा झेंडा 8 × 12 मिलिमीटर, काठ 2 चा. कागदाला दोन घड्या घालून पहिला कापलाय, नहवाचा.