माझी वाक्यं कुणीतरी वाचली

आज तालमीला पोचले तेव्हा दुसरा प्रवेश संपत आला होता. माझ्या जागी कुणीतरी हातात संहिता धरून उभं होतं आणि माझी वाक्यं वाचत होतं. नाटक बसवणाऱ्या ताईंनी मान हलवून बसायची खूण केली. कुणी रागावलं नाही, उशीर का झाला हेही कुणी विचारलं नाही. तेच लागलं. तालीम अडली नव्हती.

उशीर झाला तो कामावरच्या डेटाबेसमधल्या इंडेक्समुळे, म्हणजे नोंदी झटकन सापडाव्यात म्हणून बांधायच्या सूचीमुळे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चालू टेबलवर साधा इंडेक्स टाकायला घेतला की तो पुरा होईपर्यंत त्या टेबलमध्ये नवं काही लिहिता येत नाही. वाचणं चालू राहतं, पण प्रत्येक नवी नोंद ताटकळते. म्हणून मोठ्या टेबलवर तो ‘कॉन्करन्टली’ बांधायचा, म्हणजे लिहिणं चालू ठेवून. त्याला वेळ जास्त लागतो, तो ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे ‘सगळं होईल नाहीतर काहीच नाही’ अशा गठ्ठ्याच्या, आत चालत नाही, आणि मध्येच बिनसलं तर निकामी इंडेक्स मागे उरतो. तो काढून टाकायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. असलं काम दुपारचं संध्याकाळवर ढकललं गेलं की ते सोडून उठता येत नाही. उठले नाही. त्याबद्दल वाईट वाटत नाहीये.

वाईट वाटतंय ते दुसरंच. माझ्याशिवाय प्रवेश झाला. आणि कामावर तर आम्ही नेमकं हेच घडावं म्हणून झटतो. रिलीजच्या, म्हणजे नवा कोड चालू करायच्या, पायऱ्या लिहून ठेवायच्या, कोड दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा, पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवायचे नाहीत. मी रजेवर असताना सगळं सुरळीत पार पडलं तर ती माझ्या कामाची पावती. मग इथे का टोचावं? दिवसभर कामाला द्यायचं, उरलेलं सगळं इथे ओतायचं, आणि दोन्हीकडे आपल्यावाचून चालतंच. घरचं तर मी लिहितच नाही.

पण घरी येऊन तो प्रवेश पुन्हा मनात चालवला आणि वाटलं, चाललं असं म्हणता येणार नाही. समोरचा नट बशीत कप ठेवतो आणि त्या आवाजावर माझं ‘नाही’ येतं. मध्ये अर्ध्या श्वासाइतकीच जागा आहे. वाचणाऱ्याची नजर कागदावर. कप वाजला की तो ओळ शोधतो, मग बोलतो. समोरचा नट तेवढा थांबतो. दोन-तीनदा असं झालं की ते थांबणं त्याच्या अंगात बसतं आणि पुढच्या तालमी ते काढण्यात जातात. शिवाय त्या ‘नाही’नंतर मी खिडकीकडे वळते, त्या वळण्यावर प्रकाशाचा क्यू आहे, म्हणजे तेव्हा प्रकाश बदलायचा. वाचणारा वळलाच नाही, तर प्रकाशवाल्याने कशावर बोट ठेवायचं?

म्हणजे बदली माणूस नको असं नाही, दोन कामं दोघांत वाटायला हवीत. एकाने मोकळ्या हाताने माझ्या जागी उभं राहायचं, माझ्या हालचाली करायच्या, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. वाक्यं प्रॉम्प्टरने बाजूने द्यायची. आवाज दुसरीकडून आला तरी अंतर, नजर आणि वळणं शाबूत राहतात. ताईंना रात्रीच फोन केला. त्या म्हणाल्या, “बरं सुचलं, तसंच करू. पण तू गुरुवारी सहाला हवीस.”

तालमीचा तक्ता मात्र निराळा मांडायला हवा. पात्रांची एन्ट्री-एक्झिट पाहून प्रवेशाचे तुकडे पाडायचे, उभ्या रकान्यात नावं, आडव्या ओळीत तुकडे, आणि प्रत्येकाच्या अडलेल्या तारखा आधीच भरायच्या. माझ्या रकान्यात रिलीजचे दिवस आणि ऑन-कॉलचा आठवडा, म्हणजे काही बिघडलं तर धावायची पाळी, आत्ताच जायला हवा. रंगीत तालमीच्या आदले दोन दिवस मी मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलायचं काम, हातात घेणार नाही, हे टीमच्या कॅलेंडरवर दिसलं पाहिजे, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

कामही मध्येच सोडता येईल असं कापायचं. कॉलम बदलायचा असेल तर आधी नवा, रिकामा चालेल असा जोडायचा. मग कोडने दोन्हीकडे लिहायचं. जुन्या नोंदी हजार-हजारच्या घासांनी भरायच्या. वाचन नव्यावर न्यायचं. जुना कॉलम पुढच्या कुठल्यातरी रिलीजमध्ये काढायचा. यातल्या कुठल्याही पायरीवर थांबून सहाला निघता येतं. एका फटक्यात नाव बदललं तर जुना कोड त्याच क्षणी कोसळतो आणि मग रात्र तिथेच.

पाठांतराचीही रीत बदलायला हवी. नुसती आपली वाक्यं घोकली की मंचावर अडखळायला होतं, कारण आधीचं वाक्य कानाला ओळखीचं नसतं. इतरांची वाक्यं रेकॉर्ड करायची, आपल्या वाक्याएवढी जागा मोकळी सोडायची आणि जाता-येता ऐकत त्या जागेत बोलायचं. उशीर झाला की रेकॉर्डिंग पुढे निघून जातं. हे बरंय, ते थांबत नाही.



गुरुवारी ऑन-कॉल माझाच आहे. अदलाबदलीचा मेसेज लिहून ठेवलाय: माझा गुरुवार तुम्ही घेतलात तर तुमचा रविवार मी घेते. आता पाठवते.