अर्धमेला स्टेटर आणि बॅटरीचा दम : चार फेऱ्यांची नोंद

मागच्या वेळी थ्रॉटल बॉडीच्या सफाईची नोंद टाकतो म्हटलं होतं, ती बाजूला ठेवतोय. मधल्या काळात गाडीनं दुसराच अभ्यास लावला.

गाडी म्हणजे माझी नेहमीची मोटरसायकल. एक सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, १२ व्होल्ट ९ ॲम्पिअर-अवरची मेंटेनन्स-फ्री बॅटरी, किक नाही. रात्री परतताना आधी एबीएसचा (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकचा) दिवा लागला. म्हटलं सेन्सरवर चिखल बसला असेल. मग इंडिकेटर टाकला की मीटरचा उजेड त्याच्या तालावर कमीजास्त व्हायला लागला. पाचेक मिनिटांत पिकअप दिला की मिसिंग, आणि चढावर इंजिन गप्प. सेल्फ मारला तर नुसती रिलेची टकटक. दहा मिनिटं कट्ट्यावर बसून परत बटण दाबलं तर पठ्ठी सुरू झाली! आनंद दीड किलोमीटर टिकला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं सीट उचलून लगेच निकाल दिला, "दादा, बॅटरी गेली. चौदा महिने झाले की तिला." मलाही पटलं, कारण तेच स्वस्तातलं उत्तर होतं. नवी बॅटरी टाकली, सेल्फ गर्रकन फिरला, आणि आठव्या दिवशी परत तीच टकटक.

घरात मल्टिमीटर धूळ खात पडलेला आणि मी दोन मिनिटांची तपासणी न करता बॅटरी बदलून मोकळा. शिव्या द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

शनिवार पहिला

नवी बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवून भरली. सकाळी चार्जर काढून दोन तासांनी १२.८ व्होल्ट. इंजिन सुरू केलं, आयडलला (थ्रॉटल न देता) १२.५. आरपीएम पाच हजारांवर नेला तर १२.९, त्यापुढे हलेना. धडधाकट गाडीवर हा आकडा १३.८ ते १४.५च्या मधे कुठेतरी हवा. म्हणजे चार्जिंग पूर्ण मेलेलं नाही, पण जिवंतही नाही.

स्टेटर म्हणजे इंजिनच्या आत वीज तयार करणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी (वायंडिंग). त्याच्या तीन पिवळ्या वायरींचा कप्लर, म्हणजे जोड, शोधला. एका पिनभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, पिन काळी, आणि वासावरून ते आजकालचं नव्हे हे कळत होतं. गुन्हेगार सापडला असं वाटून पिना बदलल्या. इंजिन सुरू केलं, १३.६! घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. वीस मिनिटं फिरवून आणली, इंजिन चांगलं तापलं, आणि काटा परत १२.६ वर.

मग रीतसर बसलो. कप्लर काढून, इंजिन पाच हजारांवर ठेवून, दोन-दोन पिवळ्या वायरींत एसी व्होल्ट मोजले. ५८, ५९, ५८. तिन्ही जोड्या सारख्या, म्हणजे पास. इंजिन बंद करून जोडीजोडीतला रेझिस्टन्स ०.५ ओहम, त्यातले ०.२ मीटरच्या वायरींचेच. तोही पास. शेवटी पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजलं. इथे मीटरवर ओएल (म्हणजे जोडणीच नाही) दिसायला हवं, कारण स्टेटरचं वायंडिंग बॉडीला कुठेच चिकटलेलं नसतं. दिसलं १.१ ओहम. तिन्ही वायरींवर जवळपास तेवढंच, कारण तिन्ही कॉइल आत एकमेकींना जोडलेल्याच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर तीच वायर मोजली. ओएल! तांबं तापून फुगलं की कोअरला, म्हणजे मधल्या लोखंडाला, टेकायचं, गार झालं की सुटायचं. गॅरेजमध्ये सकाळी तपासलेली गाडी 'सगळं ओके' म्हणून परत का येते, ते इथे कळलं.

एसी व्होल्टची चाचणी पास झाली हे मला बराच वेळ पचत नव्हतं. वायंडिंग एकाच जागी बॉडीला टेकलं असेल, तर कप्लर काढलेल्या अवस्थेत करंटला परतीचा रस्ताच नसतो, म्हणून व्होल्ट पूर्ण दिसतात. कप्लर जोडला की रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) डायोडमधून वायंडिंगचं नातं बॅटरीच्या निगेटिव्हशी, म्हणजे त्याच बॉडीशी जुळतं. मग बराचसा करंट बॅटरीकडे न जाता तिथल्या तिथे गोल फिरतो आणि स्टेटरला आणखी तापवतो. तेव्हा नुसत्या एसी व्होल्टवर स्टेटरला प्रमाणपत्र देऊ नका. अर्थची, म्हणजे वायर आणि बॉडी यांच्यातली, चाचणी करा, आणि तीही इंजिन गरम असताना.

चौदा महिन्यांच्या जुन्या बॅटरीचं काय झालं असावं, याचाही उलगडा झाला. चार्जिंग एका झटक्यात मेलं असतं तर गाडी तासाभरात बंद पडली असती आणि बॅटरी चार्ज करून वाचली असती. माझ्याकडे ते अर्धमेलं होतं. बॅटरी रोज अर्धपोटी, कायम १२.१-१२.२च्या आसपास. लेड-ॲसिडमध्ये डिस्चार्ज होताना प्लेटवर लेड सल्फेट बसतं. वेळेवर पूर्ण चार्ज मिळाला तर ते निघतं, नाही मिळाला तर त्याचे कडक खडे होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद.

शनिवार दुसरा आणि तिसरा

नवा स्टेटर यायला वेळ होता. म्हटलं, तोवर एकदा बघूच, चार्जिंग शून्य असताना बॅटरी किती वेळ गाडी ओढते. कप्लर काढून ठेवला, पिवळ्या वायरींच्या पिना एकेक करून टेपनं नीट गुंडाळल्या. (इंजिन फिरत असताना तिथे साठ व्होल्टच्या घरात एसी असतो. करताय तर हे विसरू नका.) स्वस्तातला व्होल्टमीटर थेट बॅटरीवरून घेऊन टाकीवर चिकटवला. उभ्या गाडीवर डीसी क्लॅम्प मीटरनं करंट मोजला : हेडलाइटसकट ८.९ ॲम्पिअर. हेडलाइटचा फ्यूज काढल्यावर ४.८. म्हणजे ५५ वॉटचा एक बल्ब जवळजवळ उरलेल्या सगळ्या गाडीएवढं खातो. पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा संगणक), इग्निशन, टेललाइट, मीटर हे सगळं मिळून उरलेल्या अर्ध्यात.

मागून मित्र त्याच्या गाडीवर, सॅकमध्ये भरलेली दुसरी बॅटरी आणि पाना. रस्ता मोकळा, घराभोवतीच्याच फेऱ्या.

पहिली फेरी, नवी बॅटरी, हेडलाइट चालू. निघताना १२.४. दहाव्या मिनिटाला १२.१, विसाव्याला ११.८. सव्विसाव्याला एबीएसचा दिवा आला, म्हणजे त्या रात्री सेन्सरवर चिखल नव्हता. एकतिसाव्याला ११.० आणि पिकअपला पहिला झटका. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला उशीर करतो, पंपाचा दाबही ढिला पडतो. तेहतिसाव्याला मीटर एकदा विझून परत लागला. चौतिसाव्या मिनिटाला बंद.

आता हिशोब. ९ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीनं ८.९ ॲम्पिअर तासभर द्यायला हवा होता, मिळाली चौतीस मिनिटं. म्हणजे बॅटरीतून निघाले जेमतेम पाच. यात फसवणूक काही नाही. मोटरसायकलच्या बॅटरीवरचा आकडा सहसा दहा तासांच्या हिशोबानं छापतात : ०.९ ॲम्पिअरनं दहा तास. घाईघाईनं ओढलं की तीच बॅटरी कमी देते. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ साली हे गणितात मांडलं, आणि आपण अजून लेबलवरचा आकडा भागून वेळ काढतो.

बंद पडल्यावर दहा मिनिटं थांबलो. व्होल्टमीटर ११.९ वर चढलेला! सेल्फ लागला, गाडी दोन मिनिटं चालली, परत बंद. त्या रात्रीचा दीड किलोमीटर हाच. प्लेटजवळ ॲसिड पातळ झालेलं असतं, थांबलं की आजूबाजूचं जाड ॲसिड आत झिरपतं आणि उसनं अवसान येतं.

दुसरी फेरी, तीच बॅटरी ०.९ ॲम्पिअरवर पूर्ण भरून, दिवसाउजेडी, हेडलाइटचा फ्यूज काढून. एक तास सोळा मिनिटं. भार निम्म्यावर आला आणि वेळ दुपटीहून वाढला, तोही परत पॉयकर्टसाहेबांमुळेच. सहा ॲम्पिअर-अवर निघाले. हेडलाइटला वेगळं बटण नसेल तर त्याचा फ्यूज कुठला, हे आत्ताच बघून ठेवा. उजेड असेल तर तो फ्यूज काढून घरी पोचता येईल. अंधारात मात्र काढू नका.

तिसरी फेरी, चौदा महिन्यांची जुनी बॅटरी. दोन रात्री चार्ज केली. विश्रांतीनंतर १२.७, सेल्फही व्यवस्थित फिरला. कुठल्याही दुकानात मीटर लावून 'चांगली आहे' म्हटलं असतं. हेडलाइटसकट तेरा मिनिटं चालली. तेरा! बॅटरीत दोनच ॲम्पिअर-अवर उरलेले. हंडा काठोकाठ भरलेला दिसतो, पण निम्म्याहून जास्त हंड्यात गाळ. व्होल्टेज बघून चार्ज कळतो, क्षमता कळत नाही.

चौथी फेरी मित्राच्या लिथियम बॅटरीवर, त्याच्याच आग्रहानं. लेबलवर मोठ्या अक्षरांत १२ ॲम्पिअर-अवर, बाजूला बारीक अक्षरांत लेड-ॲसिड 'समतुल्य'. वॉट-अवर बघितले तर खरी क्षमता ४. सेल्फ फिरवायच्या ताकदीत ती बाराच्या बरोबरीची असेलही, पण चार्जिंग गेल्यावर चारच कामाला येतात. ती चालली सव्वीस मिनिटं, म्हणजे असलेलं जवळजवळ सगळं तिनं दिलं. या बाबतीत लिथियम प्रामाणिक. पण बावीस मिनिटं व्होल्टमीटर १२.९च्या खाली आला नाही. एबीएसचा दिवा नाही, मिसिंग नाही. मग चार मिनिटांत घसरगुंडी, आणि आतल्या बीएमएसनं (बॅटरी जपणाऱ्या सर्किटनं) पुरवठा कापला. हेडलाइट, मीटर, इंजिन, सगळं एका क्षणात काळं. लेड-ॲसिड निदान कण्हत कण्हत जाते. मी वळणावर नव्हतो हे नशीब. लिथियम लावणाऱ्यांनी व्होल्टमीटरही लावावा, एवढं मी आता ठामपणे म्हणतो.

सिग्नलला इंजिन बंद करावं, असा वाद मित्रानं काढला. सेल्फ साधारण शंभर ॲम्पिअर ओढतो, पण दीड सेकंद. म्हणजे ०.०४ ॲम्पिअर-अवर. तेवढं तर ही गाडी सतरा सेकंदांत नुसती उभी राहून खाते! कागदावर तो जिंकला. पण बॅटरी १२च्या खाली असताना शंभर ॲम्पिअरचा झटका व्होल्टेज इतकं पाडतो की ईसीयूच रीसेट होतो. गाडी सुरू आहे तोवर सुरू राहू द्यावी, बंद केली तर घराच्या दारातच, असं माझं मत. ढकलून सुरू करण्याचा भरवसाही धरू नका. बॅटरी पार उतरलेली असेल तर इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि ईसीयू जागे होत नाहीत, आणि चार्जिंग मेलेलं असेल तर धक्क्यानं ते परत येणार नाही.

या प्रयोगात नव्या बॅटरीचं आयुष्य थोडं खर्ची पडलं, ते मान्य. दोन्ही वेळा घरी येताच चार्जरला लावली. आता पुन्हा तिला इतकं उतरवणार नाही.

शनिवार चौथा

स्टेटर आला. तेल काढलं, कव्हर उघडलं, जुनं पॅकिंग खरवडण्यात दोन तास गेले, बाकी काम तासाभराचं. रेग्युलेटर-रेक्टिफायरही बदलला (रेग्युलेटर व्होल्टेज आवाक्यात ठेवतो), आणि यावेळी सिरीज प्रकारचा. आधीचा शंट होता. शंट रेग्युलेटर नको असलेला करंट शॉर्ट करून स्टेटरमध्येच परत फिरवतो, त्यामुळे दिवे लावा की विझवा, स्टेटर बिचारा कायम पूर्ण कामावर. एलईडी हेडलाइट लावून स्टेटरचा ताण कमी होईल अशी माझी समजूत होती. शंट असेल तर ती चुकीची. सिरीज प्रकार नको तेव्हा सर्किटच उघडतो, त्यामुळे स्टेटर गार राहतो. कप्लरच्या जागी पाणी न शिरणारा, जाड पिनांचा घेतला.

आता आयडलला १३.७, पाच हजारांवर १४.३, हेडलाइटसकट, गरम इंजिनवर. टाकीवरचा व्होल्टमीटर काढून हँडलवर पक्का बसवला. त्याची वायर थेट बॅटरीवरून रिलेमार्फत घेतली, कारण वायरिंग हार्नेसच्या मधूनच घेतलं की तो अर्धा व्होल्ट कमी दाखवत होता. चालू गाडीवर १३च्या खाली रेंगाळला तर घराकडे वळायचं. १५च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला, आणि बॅटरी उकळायच्या आत थांबायचं. कुजक्या अंड्यासारखा वास हे त्याचंच लक्षण.

जुना स्टेटर वर्तमानपत्रावर ठेवून बघितला. तेलाच्या उडण्यापासून लांब पडणारे वरचे चार पोल (तारेचे गुंडाळे) कोळशासारखे काळे, खालचे अजून मधाच्या रंगाचे. काळ्यांपैकी एकावरचं वार्निश नखानं खरवडलं तर पापुद्रा निघून आला. खाली, कोअरच्या कोपऱ्याला टेकलेल्या वेटोळ्यावर, तिळाएवढं उघडं तांबं चकाकत होतं. एवढंच. स्टेटर जपून ठेवलाय, वायंडिंग स्वतः भरायचा विचार आहे. पोलमागे वेटोळी मोजायला सुरुवात केली आणि दोनदा चुकलो.