आमची वाटचाल : ठोकळा आणि रेघ

२००४ साली कर्वे रोडवरच्या दहा बाय बाराच्या खोलीत आमचं आरसीसी कन्सल्टन्सीचं, म्हणजे इमारतीचा काँक्रीटचा सांगाडा डिझाइन करण्याचं काम सुरू झालं. आर्किटेक्टकडून प्लॅनच्या ड्रॉइंगची डीडब्ल्यूजी फाइल सीडीवर यायची. त्यावर कॉलम बसवायचे, प्रिंट काढायची, ती स्कूटरवरून त्यांच्या ऑफिसात न्यायची आणि त्यांनी लाल पेनाने केलेल्या खुणा घेऊन परत यायचं. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की सेंटरलाइन, म्हणजे कॉलमच्या जागांचं ड्रॉइंग, पक्की.

२००९ साली एका पाच मजली इमारतीच्या कामात सुधारित प्लॅन आला, पण फाइलचं नाव तेच होतं. जिना २३० मिलिमीटर सरकला होता आणि आमच्याकडे जुनीच फाइल चालू होती. लाइनआउट, म्हणजे जमिनीवरची आखणी झाली, फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे पाये भरले, कॉलमच्या सळया वर आल्या आणि साइटवरून सुपरवायझरचा फोन आला, "साहेब, पहिली पायरी कॉलमवर येतीये." दोन फुटिंग फोडून पुन्हा भरली. निम्मा खर्च मी सोसला. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे, की ड्रॉइंगवर सही माझी होती.

त्यामुळे २०१४ मध्ये एका आर्किटेक्टनी पहिल्यांदा रेव्हिट या सॉफ्टवेअरमधलं इमारतीचं त्रिमितीय मॉडेल दिलं तेव्हा मला फार आनंद झाला. आता एकच मॉडेल, दोघांचं. ते घ्यायचं, ईटॅब्समध्ये, म्हणजे सांगाड्याचा हिशेब करणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं, डिझाइन करायचं. पण तसं काही झालं नाही. मुळात त्यांची आवृत्ती नवी होती आणि आमची जुनी, आणि नव्या रेव्हिटची फाइल जुन्यात उघडत नाही. मग ती आयएफसी या, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत चालणाऱ्या फाइलच्या प्रकारात मागवली. आयएफसी २०१३ पासून आयएसओचं मानक आहे, कुठल्याही एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं नाही. मॉडेल उघडलं, दिसलंही सुरेख. ॲनालिसिस, म्हणजे भारांचा हिशेब, मात्र चालेना.

कारण शोधायला आठवडा गेला. आर्किटेक्टसाठी कॉलम म्हणजे भिंतीत लपवायचा ठोकळा. ईटॅब्सला ठोकळा नको असतो, रेघ हवी असते. ठोकळ्यांमध्ये बीम कॉलमच्या कडेला येऊन संपतो आणि डोळ्यांना जोडलेला दिसतो. रेघांच्या हिशेबात मात्र तो कॉलमच्या मध्यापर्यंत पोचायला हवा. मध्ये ११५ मिलिमीटरची फट राहिली तरी बीम अधांतरी. तळापासून गच्चीपर्यंत कॉलम एकसंध काढलेले होते, ते प्रत्येक मजल्यावर तोडावे लागले. त्यांच्या लेव्हल फरशीच्या वरच्या, आमच्या स्लॅबच्या. यात चूक कोणाचीच नव्हती. त्यांनी त्यांच्या कामापुरतं अचूक काढलं होतं.

तेव्हापासून आम्ही एकमेकांचं मॉडेल ढवळत नाही. त्यांचं मॉडेल आमच्याकडे मागे संदर्भाला लावलेलं असतं, आमचं त्यांच्याकडे. कॉलम, बीम, स्लॅब आमचे; भिंती, दारं-खिडक्या त्यांच्या. कॉलम हलवायचा तर त्यांनी सांगायचं, हलवायचा आम्ही. आणि पहिल्याच दिवशी ग्रिड ए आणि ग्रिड १ या कॉलमच्या आखणीतल्या पहिल्या दोन रेघा जिथे छेदतात तो बिंदू दोघांनी मिळून शून्य धरायचा. ही गोष्ट मी कुठल्याही सॉफ्टवेअरच्या वर ठेवतो. तो बिंदू ठरला नाही, तर दोन मॉडेलं एकावर एक बसतच नाहीत.

याचा खरा उपयोग कळला तो आयएस १३९२० या भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनंतर. पूर्वी २३० मिलिमीटरचा कॉलम नऊ इंची भिंतीत गडप व्हायचा. आता लहान बाजू किमान ३०० लागते, म्हणजे ७० मिलिमीटर खोलीत येणारच. प्लॅन मंजूर झाल्यावर हे सांगितलं की वाद ठरलेला; सगळा वॉर्डरोब त्या कोपऱ्यात मोजून बसवलेला असतो. म्हणून आता प्लॅन कच्चा असतानाच आम्ही नुसत्या कॉलमचं मॉडेल पाठवतो. आकार अंदाजे असतात, जागा मात्र विचार करून दिलेल्या.

आज आम्ही अकरा जण आहोत. दर मंगळवारी सकाळी तासभर आर्किटेक्टच्या ऑफिसातली मुलं आणि आमच्या ऑफिसातली मुलं एकाच स्क्रीनवर दोन्ही मॉडेलं लावून बसतात. गेल्या मंगळवारी टॉयलेटच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून जाणारा बीम त्यांच्याकडच्या नव्या मुलीने आमच्याआधी पकडला. ती म्हणाली, "सर, डक्ट सरकवू की तुम्ही बीम वळवताय?" डक्ट सरकवली. साइटवर अजून खोदाईच चालू होती.