पिचकारी येतीय म्हणून इंजिन थंड आहे असं समजू नका

उजनीत बोट चालवणारे बरेच जण इंजिन चालू केलं की एकच गोष्ट बघतात, मागनं पाण्याची पिचकारी येतीय का. आली की झालं, चला निघा. मला हे फार खटकतं, कारण पिचकारी एवढंच सांगते की पंपानं पाणी वर ढकललंय, ते पाणी इंजिनच्या डोक्यातनं फिरून बाहेर पडतंय का हे ती सांगत नाही.

माझं काम सोलापुरात मोटर-पंपांचं. पण दाजींची बोट करमाळ्याच्या बाजूला बॅकवॉटरला आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला लोक येतात त्यांना फिरवतात, त्यामुळे इंजिनचं काही निघालं की फोन मलाच. या वेळेची तक्रार अशी की पक्ष्यांजवळ बोट हळू केली की थोड्या वेळात बझर वाजतो आणि इंजिन आपोआप आरपीएम पाडतं, आणि रेस केलं की गप्प. दाजी म्हणाले, "अहो पिचकारी तर चांगली येतीय की, इंपेलर पण नवीन टाकून घेतलाय मेकॅनिककडनं, मग आता काय राहिलं?" (इंपेलर म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक.)

हळू चालवताना तापतंय आणि जोरात चालवताना थंड होतंय, यातच अर्धं उत्तर आहे. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं लावलेल्या, इंजिनला रेडिएटर नसतो, ते धरणाचंच पाणी पितं. पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागावर, म्हणजे लेगवर, जाळी असते, तिच्या आत शाफ्टवर रबरी इंपेलर फिरतो, तो पाणी पाइपमधनं वर सिलेंडरभोवती पाठवतो आणि पुढं थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) उघडला की गरम पाणी बाहेर जातं. बऱ्याच इंजिनांत याशिवाय एक प्रेशरचा व्हॉल्व्ह असतो, रेस वाढली, पाण्याचा दाब वाढला की तो उघडतो आणि पाणी थर्मोस्टॅटला वळसा घालून निघून जातं. म्हणजे थर्मोस्टॅटची वाट बंद असेल तर इंजिन हळू चालवताना तापणार आणि जोरात चालवताना सावरणार. उलट फक्त जोरात चालवतानाच तापत असेल तर आधी जाळी बघा, कारण जास्त पाणी लागतं तेव्हाच कमी पडतंय. म्हणून बझर वाजला की पहिला प्रश्न हाच, कोणत्या स्पीडला वाजला? हे कुणी विचारतच नाही, सरळ इंपेलर बदलतात.

तरी मी सुरुवात बाहेरनंच केली, कारण उजनीचं पाणी म्हणजे जलपर्णीची मुळं, प्लास्टिकच्या पिशव्या, फाटक्या जाळ्यांचे नायलॉन दोरे, सगळं त्यात. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं की अजून वाईट, काठाला नुसता गाळ आणि त्यात बोट ढकलत न्यायची म्हणजे पंप अक्षरशः चिखल ओढतो. जाळी साफ होती. पिचकारीच्या भोकात बारीक तार घालून बघितली (इंजिन बंद करूनच), ते पण मोकळं.

मग दाजींना म्हटलं जुना इंपेलर कुठाय? नशिबानं टूलबॉक्समध्येच पडला होता. हातात घेतला आणि डोक्यात प्रकाश पडला, एक पातं मुळापासनं तुटलेलं! आता इंपेलर बदलणाऱ्यानं ते बघितलं असेल नसेल, पण तुटलेलं पातं गेलं कुठं हे कुणी शोधलंच नव्हतं. पंपात नाही म्हणजे ते पाण्याबरोबर वर गेलं, दुसरीकडं जाणार कुठं.

थर्मोस्टॅटचं कव्हर उघडायचं तर बोल्ट जाम. इथं घाई करू नका, अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट अडकलेला असतो, जोर लावला की डोकं तुटून हातात येतं आणि मग ड्रिल करत बसा. रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी थोडं पुढं थोडं मागं करत सोडवलं. आत करडा बारीक गाळ घट्ट बसलेला, आणि थर्मोस्टॅटच्या तोंडाशी, गाळात अर्धा गाडलेला, रबराचा वाकडा काळा तुकडा. इंपेलरला लावून बघितला तर बरोब्बर त्या जागी बसला. थर्मोस्टॅट पण जुन्या पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याला टांगून, पाणी तापवत तपासला, तळाला टेकू द्यायचा नाही. किती डिग्रीला उघडायचा ते त्याच्यावरच छापलेलं असतं, आमचा तर पाणी उकळायला लागलं तरी जेमतेम किलकिला झाला. नवीन सोलापुरात मिळाला नाही, कुरिअरनं मागवला, गॅस्केट पण नवीन.

एवढं उघडलंच होतं म्हणून पंप पण परत उघडला आणि आतली वाटी आणि खालची प्लेट पण बघितली. त्यावरनं नख फिरवा, चर लागली तर नुसता इंपेलर बदलून उपयोग नाही, पाणी त्या चरीतनं मागं येतं. आमच्या विहिरीच्या पंपाचा इंपेलर धातूचा, तो एवढ्यातेवढ्यानं मरत नाही, पण हा रबरी. कोरडा फिरला की काही सेकंदात पाती खराब. म्हणून "आवाज बघू" म्हणून किनाऱ्यावर इंजिन चालू करणाऱ्यांवर मी खरंच चिडतो. २०० लिटरचा ड्रम घ्या, जाळीच्या वरपर्यंत पाणी भरा, लेग त्यात बुडवा आणि मग काय आवाज बघायचाय तो बघा. बसवताना इंपेलरला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, आणि शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवत खाली बसवा म्हणजे पाती बरोबर बाजूला वाकतात.

एवढं सगळं लिहितोय कारण बॅकवॉटरला दुपारनंतरचा वारा साधा नसतो. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. वाऱ्यात मधोमध इंजिन बंद पडलं तर बोटीचं तोंड लाटांकडं धरणारं काहीच राहत नाही. म्हणून बझर वाजला की आधी रेस कमी करा, पिचकारी बघा, ती बंद असेल तर इंजिन लगेच बंद करा आणि नांगर टाका, म्हणजे बोट वाहत जाणार नाही. तापलेल्या इंजिनवर बादलीनं गार पाणी मारू नका, हेड वाकू शकतं. आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, सीटखाली नाही.

दाजींनी आता सीझनच्या आधी इंपेलरबरोबर थर्मोस्टॅटचं कव्हर पण उघडून घ्यायचं ठरवलंय, आणि निघालेल्या इंपेलरची पाती स्वतः मोजणार आहेत, मेकॅनिक कुणी का असेना.