आईच्या बाथरूमचं काम

आज आईच्या बाथरूममध्ये कमोडशेजारी आधाराचा दांडा बसला. मिस्त्री म्हणत होते, "टॉवेल रॉडच जरा घट्ट बसवतो, वेगळा कशाला?" मी ठाम नाही म्हटलं. टॉवेलचा रॉड टॉवेलपुरताच. तोल गेलेलं माणूस सगळं वजन दांडा धरलेल्या एका हातावर टाकतं. स्क्रू नुसत्या टाइलमध्ये नाही, मागच्या विटेत पक्का बसायला हवा. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे तर मला अजिबात पटत नाहीत. ते कधी सुटतील याचा नेम नाही.

दांडा सव्वा ते दीड इंच जाडीचा घेतला, भिंतीपासून दीड इंच सुटा. मूठ नीट वळते आणि हात मागे अडकत नाही. जमिनीपासून उंची सहसा ३३ ते ३६ इंच सांगतात. तरी आम्ही आईला कमोडवर बसवलं, "ऊठ आता" म्हटलं आणि तिचा हात आपसूक भिंतीवर जिथे टेकला तिथे पेन्सिलीने खूण केली. ज्याला धरायचंय त्यालाच विचारावं ना!

कमोडची सीट १८ इंचांवर आणली, लिव्हरचा नळ लावला.

आणि दार! ते बाहेर उघडणारं करून घेतलं. माणूस आत दाराला टेकूनच पडलं, तर आत उघडणारं दार ढकलणार कसं? कडीही बाहेरून उघडता येईल अशीच घेतली.

शॉवरजवळचा दांडा उद्या. तिथे भिंतीतून पाइप गेलाय, आधी जागा तपासून घेतोय.