गॉगलचा पट्टा आणि बुधवारची संध्याकाळ

अमेरिकेत बाल्टिमोरला येऊन सहा वर्षं झाली, इथल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काम करते मी. दर सप्टेंबरला तेच बघायचे, पंचवीस जणांच्या लॅबमध्ये एखादीच ब्लॅक मुलगी, कोपऱ्यातलं टेबल धरून बसलेली, आणि दिवाळी येईपर्यंत कोर्स सोडून गेलेली. डोकं चांगलं असायचं हो, वह्या बघितल्यात मी, पण अडलं की विचारायचं कुणाला?

आता लर्निंग कम्युनिटी सुरू झालीय. म्हणजे सायन्सला आलेल्या या मुलींना केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्लिश सगळं एकाच बॅचला, त्यामुळे दिवसभर त्याच मैत्रिणी आणि दर बुधवारी संध्याकाळी सीनियर मुली येऊन सोबत गणितं सोडवतात.

परवा एका फर्स्ट इयरवालीचा सेफ्टी गॉगल सारखा घसरत होता, जाड वेण्यांवर इलॅस्टिक टिकतच नव्हतं. मी आपली 'नीट घाल गं' म्हणतेय. तेवढ्यात सीनियर आली, पट्टा सैल केला, वेण्या उचलून खालून मानेवर घेतला, झालं! आणि मग त्या पोरीनं तिलाच हळूच विचारलं, मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता) काढताना मिलिलिटरचे लिटर कधी करायचे. महिनाभरातला तिचा पहिला डाऊट.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइसमन यांनी हेच बघितलं होतं, कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी ब्लॅक मुलं अभ्यास भरपूर करायची पण एकेकटी, आणि चिनी मुलं एकमेकांची गणितं तपासायची. मग त्यांनी गट केले आणि गटांना मुद्दाम अवघड गणितं दिली, हे मला फार आवडतं, कारण मदत म्हटलं की लोक सोपं करून द्यायला धावतात. आमच्या जवळच यूएमबीसी या युनिव्हर्सिटीत १९८८ पासून सायन्स शिकणाऱ्यांसाठी मायरहॉफ नावाचा स्कॉलरशिप प्रोग्राम आहे, आधी फक्त ब्लॅक मुलगे घ्यायचे, मुली नंतर आल्या. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच उन्हाळ्यात सगळ्यांना एकत्र राहून अभ्यास करायला लावतात. मॉडर्नाच्या कोविड लसीमागच्या संशोधनातल्या किझमेकिया कॉर्बेट तिथल्याच, २००८ची बॅच.

आई फोनवर म्हणाली, अगं पण मुलींना असं वेगळं कशाला बसवायचं? म्हटलं आई, लॅब सगळ्यांची एकच आहे, फक्त आता त्या तिथे चौघी-पाचजणी मिळून येतात.

पुढच्या टर्मसाठी लांब पट्ट्याचे दहा गॉगल मागवलेत.